साहेबांचा हातगुण

मी बोलतोय. म्हणजे माझा जेवढा तुकडा उरलाय, तेवढा बोलतोय.

साबणाच्या वडीएवढ्या पारदर्शक रेझिनमध्ये मला कायमचा बसवलाय. उजेडाकडे धरलंत तर आत हिरवी कड दिसेल, तांब्याच्या बारीक रेषा दिसतील आणि त्या रेषांवर तिळाएवढा एक तपकिरी दाणा दिसेल. त्या दाण्यात खालच्या कोपऱ्यातून वर चढत गेलेली एक तिरकी भेग आहे. भिंग घ्या आणि बघा. मी ती हौसेने दाखवतो. ती दिसावी म्हणूनच तर मी करवतीखाली गेलो.

मी एक सर्किट बोर्ड होतो. चांगला धडधाकट, नाकीडोळी नीटस. माझी ही गत कोणी केली आणि मी त्याचं उट्टं कसं काढलं, ते ऐका. शांतपणे सांगीन असं वचन मात्र देत नाही.

माझा जन्म दाबाखाली झाला. काचेच्या धाग्यांचं कापड आणि तांब्याचे पत्रे एकावर एक रचून, तापवून, मोठ्या यंत्रात दाबून आम्हाला घडवलं. मग भोकं पाडली, नको असलेलं तांबं विरघळवून टाकलं आणि वर हिरवा थर चढवला. त्या यंत्राचा दाब मला अजून आठवतो. तो सगळीकडून सारखा होता, हळूहळू वाढत गेला आणि तितक्याच हळूहळू उतरला. दाबाशी माझं तेव्हा काहीच वैर नव्हतं.

आम्ही बरीच भावंडं एकदम निघालो आणि एकाच खोक्यातून या कंपनीत आलो. इथे सोनोग्राफीची मशीन बनवतात. मशीनचं जे टोक पेशंटच्या पोटावर फिरवतात, तिथून आलेली माहिती पडद्यापर्यंत पोहोचवणं हे आमचं काम. माहिती म्हणजे तरी काय, नुसते शून्य आणि एक. त्यांना बिट म्हणतात. ते एकामागे एक, एकाच रांगेत, सेकंदाला अब्जावधी या वेगाने माझ्या अंगावरून धावायचे. त्यांच्यासाठी दोन जुळ्या वाटा होत्या, शेजारी शेजारी, लांबीला अगदी सारख्या. वळणावर एक वाट आखूड पडली तर तिला मुद्दाम नागमोडी करून लांबी जुळवलेली. दोन्ही वाटांच्या मध्यावर एकेक कपॅसिटर बसवला होता, तोच तो तिळाएवढा दाणा.

या धावपळीत शून्याचा एक झाला किंवा एकाचा शून्य झाला, की ती चूक. एखादी झाली तर पडद्यावर एक ठिपका चमकून जातो, कोणाच्या लक्षातही येत नाही. ढिगाने झाल्या तर पोटातल्या बाळाच्या जागी नुसत्या मुंग्या दिसतात.

माझी पहिली भेट झाली ती मोजणीबाईंशी. हे काही त्यांचं खरं नाव नाही. कोणी काहीही सांगितलं तरी त्या म्हणायच्या, "आधी मोजू या," म्हणून खोलीतल्या लोकांनी पाठीमागे ठेवलेलं नाव. बोर्ड तपासणं हे त्यांचं काम. लांबट खोलीच्या टोकाला, मागच्या गल्लीकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी त्यांचं टेबल होतं. त्यांची नोकरी अजून कच्ची होती. पहिलं मशीन विकलं गेलं की पक्की करू, असं कंपनीने तोंडी सांगितलं होतं, आणि त्या शब्दावर त्यांनी सासूबाईंना आपलं घर बंद करून नातीला सांभाळायला इकडे बोलावून घेतलं होतं.

मोजणीबाईंनी मला चार रबरी पायांवर ठेवलं, तारा जोडल्या आणि माझ्यावर बिट सोडले. सोपे नव्हेत. एक-शून्य-एक-शून्य अशी शाळेतली कवायत तर कोणीही पार पाडेल. त्यांनी सोडले ते वेडेवाकडे, कधी लागोपाठ नुसते शून्यच शून्य, कधी एकच एक, मध्येच उलटे. दिवसभर मला पळवलं. स्कोप नावाच्या मोजयंत्राच्या पडद्यावर सगळ्या बिटांचे ठसे एकमेकांवर पडून एक डोळ्यासारखा आकार तयार होतो. डोळा टक्क उघडा असेल तर वाट निर्मळ. माझा डोळा असा उघडा होता की बाईंनी खुर्ची मागे सारून कौतुकाने बघितलं. संध्याकाळी चुकांचा आकडा शून्य होता.

"गुणाचा आहेस रे," त्या म्हणाल्या.

एवढं माझ्याशी कोणीच गोड बोललं नव्हतं. ते मी विसरलो नाही. आणि दुसऱ्या दिवशी जे झालं, तेही विसरलो नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. साहेब म्हणजे डिझाइनचे मुख्य, मालकीणबाईंचे सख्खे थोरले भाऊ. नाकावर माशी बसू देणार नाहीत असा माणूस. पण त्यांचा खरा दरारा होता तो हाताचा. साहेबांना हातगुण आहे, असं सगळी कंपनी मानायची. चालेनासा बोर्ड साहेबांसमोर न्यायचा, साहेब त्यावर पंजा ठेवणार, डोळे किंचित मिटणार, आणि बोर्ड चालू होणार. हळूहळू तो रिवाजच पडला. मशीनचं झाकण लावण्याआधी शेवटचं काम म्हणजे साहेबांचा हात लावून घेणं. तो लागल्याशिवाय कोणी स्क्रू आवळत नसे.

या हातगुणाचा उगमही मी ऐकलाय. मालकीणबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायच्या, "आमच्या घरचा रेडिओ खरखरला की दादा एक थापड द्यायचा आणि गाणं सुरू! बाबा म्हणायचे, पोराच्या हाताला गुण आहे."

तर साहेब आले आणि मला मशीनच्या पेटीत बसवायला घेतलं. पेटीत चार कोपऱ्यांना चार पितळी खुंट होते. बोर्ड त्यांच्यावर टेकवायचा आणि वरून स्क्रू लावायचे. तीन कोपरे टेकले. चौथा अधांतरी राहिला.

सोल्डरिंग करणारे काका जवळच उभे होते. ते वाकून म्हणाले, "साहेब, हा खुंट आखूड आलाय. खाली वायसरची एक चकती घालतो ना. कपाटात आहेत, आत्ता आणतो."

"वायसर कशाला? दाबलं की बसतं," साहेब म्हणाले.

आणि अंगठ्याने माझा कोपरा खाली दाबून त्यांनी स्क्रू आवळायला सुरुवात केली. मी वाकलो. मी कुरकुरलो. काकांनी ती कुरकुर ऐकली, मी त्यांचा चेहरा पाहिला होता. पण ते मूग गिळून गप्प बसले. साहेबांनी आणखी एक पिळा दिला आणि माझ्या आत टिच्‌ असा आवाज झाला.

फार लहान आवाज होता तो. डाव्या वाटेवरच्या कपॅसिटरला तडा गेला होता.

"बसला की नाही?" साहेब हात झटकत म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

त्या क्षणी मी डूख धरला. एका वायसरसाठी! काकांच्या कपाटात डबाभर वायसर पडले होते आणि या माणसाला चार पावलांचा कंटाळा आला. मी तेव्हाच ठरवलं की या अंगठ्याला मी सोडणार नाही.

माझं मशीन गिऱ्हाइकाला दाखवायचं होतं, म्हणून एकट्या मला पुन्हा पेटीतून काढून मोजणीबाईंच्या टेबलावर ठेवलं, शेवटच्या तपासणीसाठी. त्यांनी आदल्या दिवशीचेच बिट सोडले आणि चुकांचा आकडा धावायला लागला. बाई पुढे झुकल्या. माझा टक्क उघडा डोळा एका बाजूने मिटत आला होता.

"अरे, काल तर बरा होतास तू," त्या म्हणाल्या. "काय झालं तुला?"

सांगता आलं असतं तर सगळी खोली दणाणून सोडली असती. पण आम्हाला बोलायला तोंड नसतं. चूक करणं एवढीच आमची बोली, आणि ती समजून घेणारा माणूस लागतो.

बाई समजून घ्यायला बसल्या. त्यांनी केबल बदलली, चुका तशाच. विजेचा पुरवठा बदलला, चुका तशाच. वेग कमी केला, तर चुका घटल्याच नाहीत, उलट थोड्या वाढल्या. त्यावर त्या बराच वेळ पेन्सिल चावत बसल्या. मग त्यांनी बिट अर्ध्या वाटेतूनच परत फिरवले. कपॅसिटरच्या अलीकडून फिरवले तेव्हा एकही चूक नाही. पलीकडून फिरवले की चुकाच चुका. लागोपाठ शून्य आले की माझी डावी बाजू दम टाकायची, कारण फुटका कपॅसिटर तेवढा वेळ जोर धरू शकत नव्हता. बाई योग्य जागेच्या वीतभर अंतरावर येऊन पोहोचल्या होत्या. आणखी थोडा वेळ मिळाला असता तर तिथेच सोक्षमोक्ष लागला असता.

तेवढ्यात साहेब आले. "काय, अडलं का गाडं?"

"चुका येताहेत, साहेब. काल एकही नव्हती."

"मघाशी माझ्या हातात ठीक होता, आता तुमच्यासमोर बंद पडला." साहेबांनी सगळ्यांना ऐकू जाईल असा सुस्कारा टाकला आणि माझ्या मधोमध पंजा ठेवला.

आता ऐका. मी चार रबरी पायांवर उभा. वरून मधोमध दाब पडला की मी खाली झुकतो, वरची बाजू आवळली जाते, आणि भेगेच्या दोन्ही कडा एकमेकींना चिकटतात. चुकांचा आकडा जागच्या जागी थांबला. ज्या हाताने मला फोडलं, त्याच हाताखाली मी बरा झालो! मला इतका संताप आला की त्या हाताखाली तरी चूक व्हावी म्हणून मी जिवाचा आटापिटा केला. नाही झाली. भेग मिटली की माझा इलाज चालत नव्हता.

"बघा. बोर्डालासुद्धा माया लागते, मॅडम," साहेब म्हणाले.

खोलीत हशा पिकला. साहेब गेले आणि आकडा पुन्हा धावू लागला.

हे रोजचंच झालं. बाईंसमोर चुका, साहेबांच्या पंजाखाली शून्य. लोक आधी गालात हसत होते, मग कुजबुजू लागले. "हिचा हात लागला की बिघडतं." "पांढऱ्या पायाची आहे हो." मला 'बाईंचा बोर्ड' म्हणू लागले. बाई डबा खाताना फोनवर सासूबाईंना सांगायच्या, "नाही हो आई, सगळं ठीक आहे. छकुली जेवली का?" आणि फोन ठेवला की डब्याचं झाकण लावून टाकायच्या, आत पोळी तशीच.

माझ्या सुडाच्या यादीत मग कुजबुजणारेही आले. आणि काका सर्वांत वर. खुंट आखूड होता हे त्या माणसाला ठाऊक होतं. तो रोज आमच्या टेबलासमोरून खाली मान घालून जायचा.

मग तो दिवस उजाडला. मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई मशीन बघायला येणार होत्या. मोजणीबाई मालकीणबाईंकडे जाऊन म्हणाल्या, "हा बोर्ड नका वापरू. दुसरा लावा. याच्यात दोष आहे, फक्त कुठे आहे ते मला अजून दाखवता येत नाही."

साहेब मागून म्हणाले, "दोष बोर्डात नाही." पुढचं बोलायची गरजच नव्हती.

साहेबांनी माझ्यावर हात ठेवला, आकडा थांबला, मला पेटीत घातलं, चौथा कोपरा पुन्हा अंगठ्याने दाबला, स्क्रू आवळला आणि झाकण लावलं. मला हसू आवरेना. या झाकणाच्या आत आता त्यांचा पंजा पोहोचणार नव्हता. आणि तो आवळलेला कोपरा मला उलट्या बाजूने वाकवत होता, भेगेला उघडत होता. मशीन तापलं की ती आणखी उघडणार होती. मी वाट बघत बसलो.

डॉक्टरीणबाई आल्या. उंच, कमी बोलणाऱ्या. काकांना टेबलावर आडवं करून त्यांच्या पोटावर थंडगार जेल फासलं. काकांचं यकृत पडद्यावर झळकलं, मालकीणबाईंचा चेहरा खुलला. साहेब मशीनची महती सांगू लागले. मशीन तापत गेलं. साहेब "चित्र बघा किती स्वच्छ" असं म्हणाले, आणि मी माझी भेग उघडली.

हो, मीच उघडली. उष्णतेने उघडली असं मोजणीबाई म्हणतील. त्यांचंही बरोबर असेल. पण मला माझं श्रेय घेऊ द्या.

पडद्यावर आधी ठिपके आले. मग पट्टे. मग काकांच्या यकृतावर मुंग्यांचं वारूळ फुटलं. साहेब हसत हसत पुढे झाले आणि त्यांनी झाकणावर पंजा ठेवला. मुंग्या तशाच. त्यांनी दाबलं. मुंग्या तशाच. कपाळावर घाम आला, त्यांनी दोन्ही हातांनी दाबलं. आणि मग, मालकीणबाईंच्या देखत, डॉक्टरीणबाईंच्या देखत, त्यांनी मशीनला रेडिओला देतात तशी एक सणसणीत थापड दिली.

पडदा काळा झाला.

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले. "पेशंटच्या पोटावर माझा एक हात असतो," त्या म्हणाल्या, "आणि दुसरा बटणांवर. मशीनला थापडा मारायला तिसरा हात कुठून आणू?"

त्या निघून गेल्या. काका जेल पुसत उठले. मी आत बसून दात विचकत होतो. काय फजिती! साहेब असे तोंडावर आपटले होते की माझ्या अंगावरच्या तांब्याला कंप सुटला.

पण माझा आनंद टिकला नाही. साहेबांनी झाकण उघडलं, माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "सकाळी मी हात लावला तेव्हा चालत होता. त्याआधी इतके दिवस कोणाच्या ताब्यात होता? विचार हिला."

मालकीणबाईंचा चेहरा दगडासारखा झाला. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमचं टेबल आवरा. आजच."

मी हादरलो. माझ्या सुडाचं खापर फुटलं ते एकट्या बाईंच्या डोक्यावर, ज्यांनी मला गुणाचा म्हटलं होतं. साहेब तसेच्या तसे राहणार, हातगुणासकट. मी उगवलेला सूड त्यांच्याच पथ्यावर पडला होता. एवढा अपमान माझा त्या स्क्रूनेही झाला नव्हता.

बाईंनी डबा पिशवीत घातला. चष्मा पुसला. मग त्या पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "जाते. पण एक मोजमाप राहिलंय. तेवढं तुमच्यासमोर करू द्या."

"आता काय मोजायचं राहिलंय?" साहेब म्हणाले.

"तुमचा हात, साहेब."

मालकीणबाईंनी हो म्हटलं. बहुतेक दादाचा हातगुण पुन्हा एकदा बघावा, जिवाला तेवढंच बरं वाटेल, म्हणून म्हटलं असावं. मला रबरी पायांवर ठेवलं. बिट सुटले. आकडा धावायला लागला. सगळी खोली भोवती जमली.

"ठेवा हात," बाई म्हणाल्या. साहेबांनी ठेवला. आकडा थांबला.

"उचला." आकडा धावला.

"ठेवा." थांबला.

"उचला." धावला.

साहेबांचा चेहरा उजळला होता. "बघ! बघितलंस? अजून काय पुरावा पाहिजे?"

बाईंनी टेबलावरचा साहेबांचा चहाचा कप घेतला. रिकामाच होता. त्यात त्यांनी दोन मुठी स्क्रू भरले आणि तो कप माझ्या मधोमध, पंजाच्या जागी ठेवला. आकडा थांबला.

कप तसाच होता, आकडा तसाच होता.

"म्हणजे," मालकीणबाई हळूच म्हणाल्या, "कपालाही हातगुण आहे?"

"वजन आहे," बाई म्हणाल्या. "बोर्ड वाकला की कुठलीतरी फट मिटते. कुठली ते मला आज कळलं." त्यांनी पेन्सिलीच्या मागच्या रबराने माझ्या डाव्या वाटेवरच्या दाण्याला नुसतं टेकवलं. आकडा थांबला. रबर उचललं. धावला.

खरं सांगतो, इतके दिवस मी ज्याची वाट पाहिली ती हीच गोष्ट होती. कोणीतरी नेमकं माझ्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवावं.

साहेब मात्र चपळ. "एक कपॅसिटर ना? काका, काढा तो आणि नवीन लावा. मिटला विषय."

काकांनी सोल्डरिंग आयर्न उचललं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. तो तीळ एकदा निघाला की निघताना चुरा होणार, केरात जाणार. मी बरा होईन, पडद्यावर बाळं दिसतील, आणि टिच्‌ हा आवाज झालाच नव्हता असं ठरेल. बाईंच्या नावावर डाग तसाच राहील. मला बरं व्हायचं नव्हतं. मला कापा, असं मी ओरडत होतो. मला कापा आणि आत बघा!

"थांबा, काका," बाई म्हणाल्या. "काढू नका. कापू या."

"चांगला बोर्ड कापायचा?" साहेबांचा आवाज चढला.

"चांगला असता तर मी इथे पिशवी घेऊन उभी नसते. तो तापून फुटला, आदळून फुटला की वाकवल्याने फुटला, ते भेग बघितल्यावर कळतं. आणि तसलेच बोर्ड घातलेल्या पेट्या बाहेर बंद करून ठेवल्यात. त्या जाणार आहेत दवाखान्यांत."

मालकीणबाईंनी भावाकडे बघितलं. मग माझ्याकडे. "कापा," त्या म्हणाल्या.

मला रेझिनमध्ये बुडवलं, घट्ट होऊ दिलं आणि बारीक दात्यांच्या करवतीने आरपार कापलं. दुखलं का, असं विचाराल तर दुखलं. पण सूड उगवताना दुखतं ते वेगळं असतं. कड घासून आरशासारखी केली आणि भिंगाखाली धरली. मोठ्या पडद्यावर माझी भेग उमटली, दाण्याच्या तळच्या कोपऱ्यातून निघून तिरकी वर चढत गेलेली.

"वाकवल्याची भेग," बाई म्हणाल्या. "अशी दुसऱ्या कशाने पडत नाही."

मग त्यांनी माझा उरलेला कोपरा उचलला. स्क्रूच्या भोकाभोवती हिरवा थर चेचून पांढरा पडला होता. पेटीतला खुंट मोजला. आखूड.

तेव्हा कुठे काकांना कंठ फुटला. "मी म्हणालो होतो वायसर घालू. साहेब म्हणाले, दाबलं की बसतं." कापून झाल्यावर बोलले! या माणसाला मी अजूनही माफ केलेलं नाही.

बाहेरच्या पेट्या उघडल्या. माझी भावंडं सगळी त्याच कोपऱ्यात वाकलेली. काही फुटलेली, काही फुटायच्या बेतात. प्रत्येकावर झाकण लागण्याआधी तो पंजा पडला होता आणि प्रत्येकजण त्या पंजाखाली बरा दिसला होता. एकेकाच्या खाली वायसर गेला, फुटक्यांचे कपॅसिटर बदलले. डॉक्टरीणबाई पुन्हा आल्या, तेव्हा टेबलावर मालकीणबाई स्वतः झोपल्या होत्या आणि पडद्यावर एक ठिपका नव्हता. मोजणीबाईंची नोकरी पक्की झाली. सासूबाईंचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, "आई, आज खरंच ठीक आहे," आणि डबा पुसून खाल्ला.

आणि साहेब? बहीण भावाला काढून कशी टाकणार? तिने त्यांना बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "दादा, यापुढे बोर्डाला हात लावायचा नाहीस." बराच वेळ थांबून तिने आणखी विचारलं, "त्या रेडिओचीही एखादी तार सुटलेली असणार, नाही रे?" मला ते दोन वाक्यांमधलं थांबणं करवतीपेक्षा जास्त आवडलं.

आता साहेबांना पंख्याखाली एक टेबल दिलंय, कागद तपासायला. कागद उडतात. त्यांच्यावर ठेवायला काहीतरी हवं होतं, तर मालकीणबाईंनी स्वतः मला आणून ठेवलं. "हे इथे राहू दे," एवढंच बोलल्या. माझी कापलेली बाजू साहेबांकडे तोंड करून आहे.

नव्याने नोकरीला लागलेल्यांना दाखवायचं असलं की मोजणीबाई मला उचलून नेतात. बाई, तुमच्यापाशी एकच मागणं आहे. शिकवून झालं की मला परत इथेच आणून ठेवत जा. कपाटात ठेवू नका, काचेआड ठेवू नका. माझं काम अजून संपलेलं नाही.

दुपारी खोली रिकामी होते तेव्हा साहेब इकडे-तिकडे बघतात. मग मला हातात घेतात आणि भेगेच्या अगदी वर अंगठा ठेवून दाबतात. नख पांढरं होईपर्यंत दाबतात, मग अंगठा उचलून बघतात. भेग तशीच असते.

दाबा, साहेब. आणखी जोरात. बसतंय का बघा.